मेलिंग लिस्ट चालवायची तर आधी सर्व्हरच्या नावाचा घोळ मिटवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संस्था, अभ्यासगट, व्यावसायिकांच्या संघटना, सॉफ्टवेअर प्रकल्प अशा कितीतरी ठिकाणी आजही सगळी चर्चा मेलिंग लिस्टवर, म्हणजे एका पत्त्यावर आलेला मेल सगळ्या सभासदांना पोचवणाऱ्या यादीवर, चालते. ती तशीच चालावी असे मला मनापासून वाटते, कारण लिस्ट कोणा एका कंपनीच्या ॲपवर अवलंबून नसते आणि तिचा जुना पत्रव्यवहार संस्थेच्याच ताब्यात राहतो. पण स्वतःचा सर्व्हर लावून लिस्ट सुरू केली, की थोड्याच दिवसांत तक्रारी येऊ लागतात. कोणाला मेल मिळतच नाही, कोणाचा स्पॅममध्ये पडतो, कोणी उत्तर दिले तर ते परत येते. मग मजकुरातले शब्द बदलले जातात, चित्रे काढली जातात, सभासदांना 'आमचा पत्ता तुमच्या यादीत जोडून ठेवा' अशा विनवण्या होतात. सर्व्हर जगाला आपले नाव काय सांगतो आहे, हे मात्र सगळ्यात शेवटी पाहिले जाते. तेच सगळ्यात आधी पाहावे, एवढ्यासाठी हे पत्र.

खाली उदाहरणासाठी 'संस्था.उदाहरण' हे काल्पनिक डोमेन घेतो. मेल सर्व्हर 'मेल.संस्था.उदाहरण', त्याचा आयपी पत्ता १९२.०.२.२५, लिस्टांचे डोमेन 'चर्चा.संस्था.उदाहरण' आणि लिस्ट 'सभासद@चर्चा.संस्था.उदाहरण'. कमांड आणि सेटिंग्जची नावे इथे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष फाइलमध्ये ती अर्थातच रोमन अक्षरांत लिहायची.

एका लिस्ट सर्व्हरला चार वेगवेगळ्या ठिकाणी नाव असते, आणि घोळ होतो तो ही चार नावे चार वेगवेगळ्या वेळी, बहुधा चार वेगवेगळ्या माणसांनी दिलेली असतात म्हणून. पहिले नाव खुद्द यंत्राचे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमला माहीत असलेले होस्टनेम. दुसरे, मेल सॉफ्टवेअर समोरच्या सर्व्हरला 'एहलो' (मेल देण्याआधीचा नमस्कार) म्हणताना जे सांगते ते. तिसरे, आयपी पत्त्यावरून उलट शोध घेतला की डीएनएस (नावे आणि पत्ते जुळवून देणारी इंटरनेटची नोंदवही) जे सांगते ते, म्हणजे पीटीआर नोंद. चौथे, लिस्टचे स्वतःचे डोमेन, जे सभासदांना 'फ्रॉम', 'लिस्ट-आयडी', 'लिस्ट-अनसबस्क्राइब' या हेडरांत, म्हणजे मेलच्या माथ्यावरच्या माहितीच्या ओळींत, दिसते. यांतली पहिली तीन अक्षरशः एकच हवीत. चौथे वेगळे असले तरी चालते. माझ्या मते ते वेगळेच असावे, त्याचे कारण पुढे येईल.

यंत्राच्या नावापासून सुरुवात करू. नाव डोमेनसकट पूर्ण हवे. नुसते 'मेल' किंवा 'सर्व्हर१' चालत नाही. अक्षरे, अंक आणि मधली आडवी रेघ एवढेच चालते. अंडरस्कोअर चालत नाही, आणि तो घालण्याची सवय फार आहे. 'होस्टनेमसीटीएल सेट-होस्टनेम' या कमांडने नाव दिले, की इटीसी फोल्डरमधली 'होस्ट्स' फाइल उघडावी. तिथे पत्ता, मग पूर्ण नाव, मग छोटे नाव असा क्रम लागतो : '१२७.०.१.१ मेल.संस्था.उदाहरण मेल'. छोटे नाव आधी लिहिले तर 'होस्टनेम -एफ' ही कमांड नुसते 'मेल' असे उत्तर देते, आणि यंत्राला पूर्ण नाव विचारणारे प्रत्येक सॉफ्टवेअर तिथून पुढे चुकत जाते. हा क्रम चुकल्याचे उदाहरण इतक्या वेळा दिसते, की इतर काहीही तपासण्याआधी ही एक ओळ बघावी.

भाड्याच्या क्लाउड यंत्रांवर आणखी एक अडचण येते. आपण दिलेले नाव रीस्टार्टनंतर जाते आणि कंपनीने दिलेले लांबलचक नाव परत येते. ते काम 'क्लाउड-इनिट'चे, म्हणजे सुरू होताना यंत्राची मांडणी करणाऱ्या प्रोग्रामचे. त्याच्या सेटिंगमध्ये 'प्रिझर्व्ह_होस्टनेम' ट्रू करावे आणि 'मॅनेज_इटीसी_होस्ट्स'ची किंमत पाहून घ्यावी, नाहीतर होस्ट्स फाइलही दर वेळी नव्याने लिहिली जाते. मेल सॉफ्टवेअर डॉकरच्या कंटेनरमध्ये (यंत्रातल्या वेगळ्या बंदिस्त कप्प्यात) असेल, तर कंटेनरला वेगळे नाव द्यावे लागते. न दिल्यास त्याचे नाव म्हणजे बारा अक्षरी-अंकी कसलीशी सांकेतिक ओळ असते, कंटेनर नव्याने बनवला की तीही बदलते, आणि तीच ओळ हेडरमध्ये जाऊन बसते.

आता पोस्टफिक्स, म्हणजे मेल पाठवणारे-घेणारे सॉफ्टवेअर. 'मेन.सीएफ' फाइलमध्ये 'मायहोस्टनेम = मेल.संस्था.उदाहरण' ही ओळ स्वतः लिहावी, यंत्राकडून आपोआप येईल अशा भरवशावर राहू नये. ओळ नसेल तर पोस्टफिक्स यंत्राचे नाव घेतो, आणि त्या नावात डोमेन नसेल तर मागे 'लोकलडोमेन' जोडतो. 'मेल.लोकलडोमेन' असल्या नावाने बाहेर पडणारे मेल यामुळेच दिसतात. 'एसएमटीपी_हेलो_नेम' वेगळे दिले नसेल तर ते 'मायहोस्टनेम'वरूनच घेतले जाते. ते तसेच राहू द्यावे. सर्व्हरशी कोणी २५ क्रमांकाच्या पोर्टवर जोडले की '२२०' ने सुरू होणारी स्वागताची ओळ दिसते. तिच्यातही सुरुवातीला हेच नाव लागते. ओळ सजवण्याच्या नादात ते काढून टाकू नये.

'मायओरिजिन' या सेटिंगकडे फारसे कोणी बघत नाही. यंत्रावरून आपोआप सुटणाऱ्या मेलमध्ये, उदाहरणार्थ रात्रीच्या ठरलेल्या कामांच्या अहवालांत, पाठवणाऱ्याच्या नावामागे काय जोडायचे ते हे सेटिंग ठरवते. डेबियनवर ते 'इटीसी/मेलनेम' या फाइलमधून घेतले जाते, आणि त्या फाइलमध्ये इन्स्टॉलच्या वेळी पडलेले जुने नाव वर्षानुवर्षे तसेच राहते. 'मायडेस्टिनेशन'मध्ये फक्त या यंत्राचीच नावे ठेवावीत. मेलमन ३ हे लिस्ट चालवणारे सॉफ्टवेअर वापरत असाल तर लिस्टचे डोमेन तिथे न लिहिता, मेलमनने तयार केलेल्या 'पोस्टफिक्स_डोमेन्स' फाइलमधून 'रिले_डोमेन्स'ला द्यावे आणि 'ट्रान्सपोर्ट_मॅप्स'ला 'पोस्टफिक्स_एलएमटीपी' ही फाइल दाखवावी. मेलमन २ मध्ये लिस्टचे पत्ते अलियास फाइलमधून (टोपणपत्त्यांच्या यादीतून) येतात, तिथे मात्र लिस्टचे डोमेन 'मायडेस्टिनेशन'मध्ये लागते. 'रेसिपियंट_डेलिमिटर = +' हे विसरू नये; बाउन्सच्या (न पोचता परत आलेल्या मेलच्या) पत्त्यांत सभासदाचा पत्ता अधिक चिन्हानंतर गुंफलेला असतो, आणि हे सेटिंग नसले तर परत आलेले मेल लिस्टपर्यंत पोचतच नाहीत. शेवटी 'पोस्टकॉन्फ -एन' चालवून सगळे एकदा डोळ्यांखालून घालावे. नावाच्या बदलाला 'पोस्टफिक्स रीलोड' पुरते. 'इनेट_इंटरफेसेस' किंवा 'इनेट_प्रोटोकॉल्स' बदलले असेल तर मात्र पूर्ण बंद करून सुरू करावे लागते. एक्झिम या दुसऱ्या मेल सॉफ्टवेअरमध्ये 'मायहोस्टनेम'चे काम 'प्रायमरी_होस्टनेम' करते.

खरी मेख डीएनएसमध्ये आहे. 'मेल.संस्था.उदाहरण'ची ए नोंद १९२.०.२.२५ कडे नेणारी हवी आणि १९२.०.२.२५ ची पीटीआर नोंद 'मेल.संस्था.उदाहरण'कडे परत आणणारी हवी. पहिली नोंद आपल्या डोमेनच्या पॅनेलमधून करता येते. दुसरी तिथून करता येत नाही, कारण आयपी पत्ता ज्याच्या मालकीचा, उलट शोधाची नोंदही त्याच्याच ताब्यात. ती सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या पॅनेलमध्ये असते किंवा त्यांना लिहून करून घ्यावी लागते. अनेक जण आपल्या डोमेनमध्येच पीटीआर नोंद घालतात आणि झाले म्हणून मोकळे होतात. ती नोंद जगात कोणीही वाचत नाही. तपासणी सोपी आहे : 'डिग +शॉर्ट -एक्स १९२.०.२.२५' ने जे नाव येईल, त्याच नावावर पुन्हा 'डिग +शॉर्ट' चालवावे. सुरुवातीचा पत्ता परत मिळाला तरच वर्तुळ पूर्ण झाले. एका पत्त्याला एकच पीटीआर ठेवावी. दहा लिस्ट-डोमेनांसाठी दहा पीटीआर नोंदी घालणारेही आहेत. त्याने काही साधत नाही, उलट तपासणाऱ्या सर्व्हरच्या हाती त्यांतली कोणती लागेल याचा नेम राहत नाही. आणि ज्या नावात आयपीचेच आकडे गुंफलेले आहेत, असे कंपनीचे ठोकळेबाज नाव पीटीआरमध्ये राहू देऊ नये. घरगुती जोडण्यांची नावे अशीच असतात, त्यामुळे बरेच सर्व्हर असे नाव दिसले की मेलकडे संशयाने बघतात.

इथेच आयपीव्ही६, म्हणजे आयपी पत्त्यांची सहावी आवृत्ती, घात करते. यंत्राला दोन्ही प्रकारचे पत्ते असतात, चौथ्या आवृत्तीच्या पत्त्याची सगळी तयारी नेटकी झालेली असते, आणि पोस्टफिक्स मोठ्या मेल कंपन्यांशी जोडताना सहाव्या आवृत्तीच्या पत्त्यावरून जातो, ज्याला पीटीआरच नाही. मग काही सभासदांचे मेल जातात, काहींचे नाकारले जातात, आणि कारण सापडत नाही. एकतर त्या पत्त्यालाही क्वाड-ए नोंद (सहाव्या आवृत्तीची ए नोंद) आणि पीटीआर, दोन्ही करून घ्याव्यात, नाहीतर 'इनेट_प्रोटोकॉल्स = आयपीव्ही४' करून तो मार्ग बंद ठेवावा. अर्धवट ठेवणे सर्वांत वाईट. सर्व्हर नॅटच्या, म्हणजे अनेक यंत्रांना एकच बाहेरचा पत्ता देणाऱ्या सोयीच्या, मागे असेल तर बाहेर दिसणारा पत्ता कोणता, हे बाहेरच्या एखाद्या पेटीवर मेल पाठवून त्याच्या हेडरमध्ये बघावे. यंत्रावर दिसणाऱ्या खाजगी पत्त्याचा इथे काही उपयोग नाही. बाहेरचा तो पत्ता 'प्रॉक्सी_इंटरफेसेस'मध्येही नोंदवावा, म्हणजे सर्व्हर स्वतःलाच मेल पाठवत बसणार नाही.

एक गैरसमज मात्र काढायलाच हवा. 'एहलो'चे नाव आणि लिस्टचे डोमेन जुळले पाहिजे असे अनेकांना वाटते. तसे काही नाही. जुळायला हवे ते एहलोचे नाव, ए नोंद आणि पीटीआर एवढेच. २००८ च्या आरएफसी ५३२१ या मेलच्या नियमपत्रात तर एहलोचे नाव पत्त्याशी जुळले नाही एवढ्यावरून मेल नाकारू नये असे स्पष्ट लिहिलेले आहे. पण प्रत्यक्षात मेल घेणारे आपापले नियम लावतात. फेब्रुवारी २०२४ पासून गुगलने जीमेलवर पाठवणाऱ्या सर्वांसाठी दोन्ही दिशांच्या वैध डीएनएस नोंदी सक्तीच्या केल्या आहेत, आणि दिवसाला ५,००० किंवा त्याहून जास्त मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ (डोमेनच्या वतीने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची नोंद), डीकेआयएम (मेलवरची डोमेनची डिजिटल सही), डीमार्क (तपासणीत नापास झालेल्या मेलचे काय करायचे ते सांगणारे धोरण) हे तिन्ही लागतात. एकाच सर्व्हरवर पाच संस्थांच्या लिस्टा असल्या तरी एहलोचे नाव एकच राहते. त्या पाच डोमेनांची ओळख पटवण्याचे काम एसपीएफ आणि डीकेआयएमचे आहे.

लिस्टच्या डोमेनला एमएक्स नोंद (डोमेनचे मेल कोणत्या सर्व्हरकडे द्यायचे ते सांगणारी) द्यावी आणि ती 'मेल.संस्था.उदाहरण'कडे वळवावी. एमएक्सपुढे आयपी पत्ता लिहायचा नसतो, आणि तिथले नाव सीनेमही (दुसऱ्या नावाकडे वळवणारे टोपणनाव) असू नये. वेबसाइटसाठी म्हणून 'चर्चा' या नावाला कोणी आधीच सीनेम करून ठेवलेले असते. सीनेम असलेल्या नावाला दुसरी कुठलीच नोंद ठेवता येत नाही, म्हणजे एमएक्सही नाही आणि एसपीएफही नाही. अशा वेळी सीनेम काढून ए नोंद करावी. टीएलएसचे (जोडणी सांकेतिक करणाऱ्या पद्धतीचे) प्रमाणपत्र मेल सर्व्हरच्या नावाचे घ्यावे, लिस्टच्या डोमेनचे नव्हे. पाठवणारा सर्व्हर प्रमाणपत्र तपासणारा असलाच, तर तो एमएक्समध्ये सापडलेले नाव त्यात शोधतो.

आता लिस्ट सॉफ्टवेअर. मेलमन २ अजून बऱ्याच ठिकाणी चालू आहे, जरी ते ज्या पायथन २ या प्रोग्रामिंग भाषेवर उभे आहे तिचा आधार २०२० मध्येच संपला. त्यात 'एमएम_सीएफजी.पीवाय' फाइलमध्ये 'डीफॉल्ट_ईमेल_होस्ट' आणि 'डीफॉल्ट_यूआरएल_होस्ट' असतात. ते बदलले तरी आधी तयार केलेल्या लिस्टांमध्ये काहीच बदलत नाही, कारण प्रत्येक लिस्टने आपले नाव तयार होतानाच स्वतःजवळ लिहून ठेवलेले असते. म्हणून आधी 'ॲड_व्हर्च्युअलहोस्ट'ची ओळ घालून 'विथलिस्ट -एल -ए -आर फिक्स_यूआरएल' चालवावे लागते. हे न केल्याने 'लिस्ट-अनसबस्क्राइब' हेडरमधला दुवा जुन्या, बंद पडलेल्या नावाकडे जात राहतो. सभासदाला लिस्ट सोडता येत नाही, आणि मग तो मेलला स्पॅम म्हणून खूण करतो. त्याला दोष देता येणार नाही.

मेलमन ३ मध्ये घोळ वेगळ्या जागी होतो. लिस्टांचे डोमेन नीट असते, पण वेबचा भाग जँगो या वेब-सॉफ्टवेअरवर चालतो आणि जँगोच्या 'साइट्स' तक्त्यात पहिली नोंद 'एक्झाम्पल.कॉम' अशी आयती असते. ती बदलली नाही तर नवीन सभासदाला येणाऱ्या खात्रीच्या मेलमध्ये 'एक्झाम्पल.कॉम' असे छापलेले दिसते. सेटिंग्जमध्ये 'डीफॉल्ट_फ्रॉम_ईमेल' दिले नसेल तर तेच मेल 'वेबमास्टर@लोकलहोस्ट' या पत्त्यावरून सुटतात, आणि बाहेरचा कोणताही शहाणा सर्व्हर ते घेत नाही. हायपरकिटी या जुने मेल दाखवणाऱ्या भागाच्या सेटिंगमधला 'बेस_यूआरएल' लोकलहोस्टवर राहिला असेल तर प्रत्येक मेलच्या 'आर्काइव्ह्ड-ॲट' हेडरमध्ये सभासदाला त्याच्याच संगणकाकडे नेणारा दुवा जातो. या तीन जागा बदलायला दहा मिनिटे पुरतात.

'मेसेज-आयडी'बद्दल, म्हणजे प्रत्येक मेलच्या स्वतंत्र ओळखखुणेबद्दल, थोडे. सभासदाने लिहिलेल्या मेलचा मेसेज-आयडी लिस्टने बदलू नये, बदलला तर उत्तरांची साखळी तुटते. पण डायजेस्ट (अनेक मेल एकत्र बांधलेला गठ्ठा), स्वागताचे मेल, देखरेखीच्या सूचना हे लिस्ट सॉफ्टवेअर स्वतः लिहिते, आणि मेलमन ३ मध्ये त्यांचा मेसेज-आयडी पायथन यंत्राचे पूर्ण नाव विचारून बनवते. होस्ट्स फाइल चुकली असेल तर त्यात '@लोकलहोस्ट.लोकलडोमेन' येते. पोस्टफिक्समध्ये सगळे बरोबर असूनही फक्त डायजेस्ट स्पॅममध्ये का जातात, या प्रश्नाचे उत्तर अनेकदा इथे सापडते.

'लिस्ट-आयडी' हे हेडर २००१ च्या आरएफसी २९१९ ने आणले. लिस्ट एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर गेली तरी लिस्ट-आयडी तोच राहावा हा त्यामागचा हेतू. सभासद आपापल्या पेटीत याच हेडरवर गाळणी लावतात. मेलमन २ तो लिस्टच्या होस्टनेमवरून बनवते, म्हणून कोणी घाईघाईत मेल सर्व्हरचेच नाव लिस्टला देऊन ठेवले असेल, तर सर्व्हर बदलताच लिस्ट-आयडी बदलतो आणि शेकडो लोकांच्या गाळण्या एका दिवसात निकामी होतात. लिस्टचे डोमेन यंत्राच्या नावापासून वेगळे ठेवावे असे म्हणतो ते यासाठीच. यंत्रे बदलत राहणार, 'चर्चा.संस्था.उदाहरण' मात्र वीस वर्षांनीही तेच राहू शकते.

एसपीएफ लिस्टच्या डोमेनला लागतो हे बहुतेकांना माहीत असते, कारण लिफाफ्यावरचा (सर्व्हर आपसांत सांगतात तो, मेलमध्ये दिसणारा 'फ्रॉम' नव्हे) पाठवणारा पत्ता 'सभासद-बाउन्सेस@चर्चा.संस्था.उदाहरण' असा असतो. तिथे 'व्ही=एसपीएफ१ एमएक्स -ऑल' पुरते. पण मेल सर्व्हरच्या नावालाही एसपीएफ लागतो, आणि हा सहसा राहून जातो. सर्व्हर स्वतः बाउन्सची सूचना पाठवतो तेव्हा लिफाफ्यावरचा पाठवणारा रिकामा असतो, आणि अशा वेळी एसपीएफ एहलोच्या नावावर तपासला जातो. 'मेल.संस्था.उदाहरण'ला 'व्ही=एसपीएफ१ ए -ऑल' अशी नोंद केली की हे काम झाले. एका नावाला एसपीएफची एकच नोंद असावी. दोन झाल्या तर दोन्ही बाद धरल्या जातात.

डीकेआयएमची सही लिस्टच्या डोमेनने, आणि तळटीप जोडून झाल्यावरच, म्हणजे बाहेर जाण्याच्या टप्प्यावर करावी. विषयाआधी लिस्टचे नाव किंवा खाली तळटीप जोडली, की मूळ लेखकाच्या डोमेनची सही बहुधा मोडतेच. एप्रिल २०१४ मध्ये याहूने आपल्या डोमेनसाठी डीमार्कचे 'रिजेक्ट' धोरण लावले, तेव्हा जगभरच्या लिस्टांना याचा फटका बसला. मेलमनमध्ये 'फ्रॉम' ओळीत लेखकाच्या पत्त्याऐवजी लिस्टचा पत्ता घालण्याची सोय आहे. ती सोय निदान कडक धोरण असलेल्या डोमेनांपुरती सुरू ठेवावी. सहीची किल्ली २०४८ बिटांची घ्यावी; तिची टेक्स्ट नोंद २५५ अक्षरांपेक्षा लांब होते, म्हणून ती तुकड्यांत लिहावी लागते. काही पॅनेल हे आपोआप करतात, काही गुपचूप शेपूट कापतात.

एवढे झाल्यावर बाहेरच्या एखाद्या पेटीत लिस्टवरून मेल पाठवावा आणि त्याचे मूळ रूप उघडावे. 'रिसीव्हड' ओळी खालून वर वाचायच्या असतात. आपल्याला हवी ती ओळ आपल्या सर्व्हरकडून मेल घेणाऱ्याने घातलेली, आणि ती अशी दिसायला हवी : 'रिसीव्हड : फ्रॉम मेल.संस्था.उदाहरण (मेल.संस्था.उदाहरण [१९२.०.२.२५])'. कंसाबाहेरचे नाव आपण एहलोमध्ये सांगितलेले, कंसातले नाव समोरच्याने स्वतः पीटीआरवरून शोधलेले. ही दोन्ही एकसारखी असली की नावाचे काम झाले. कंसात नावाऐवजी 'अननोन' दिसले तर उलट शोध कुठेतरी तुटला आहे. त्याखाली एक 'फ्रॉम लोकलहोस्ट [१२७.०.०.१]' अशी ओळ असते. ती बघून घाबरण्याचे कारण नाही. मेलमनने त्याच यंत्रावरच्या पोस्टफिक्सला मेल दिल्याची ती नोंद आहे. काही जण अशा ओळी काढून टाकण्याचे नियम लिहितात. तसे करू नये. मेल गोल फिरू लागला तर सर्व्हर याच ओळी मोजून त्याला थांबवतात. पोस्टफिक्सची मर्यादा ५० ओळींची आहे. तुम्ही मेल दुसऱ्या एखाद्या रिले सेवेमार्फत पाठवत असाल तर समोरच्याला दिसणारे नाव त्या सेवेचे असते. मग पीटीआरची काळजी त्यांची, पण एसपीएफमध्ये त्यांना सामील करून घेणे तुमचे काम.

लॉगमधले आकडे पुष्कळ सांगतात. '५०४ ५.५.२' आणि सोबत पूर्ण नावाची मागणी असेल तर एहलोच्या नावात डोमेन नाही. '४५०' आणि 'हेलो कमांड रिजेक्टेड, होस्ट नॉट फाउंड' असेल तर नाव पूर्ण आहे पण त्याची डीएनएस नोंद नाही. '५५० ५.७.२५' म्हणजे पीटीआर नाही किंवा जुळत नाही. 'लूप्स बॅक टू मायसेल्फ' आले तर दोन शक्यता : आपल्याकडे एमएक्स असलेले डोमेन पोस्टफिक्सला आपले म्हणून सांगायचे राहिले, किंवा एका यंत्राची नक्कल करून दुसरे उभे केले आणि दोघांचे नाव एकच राहिले. दुसऱ्या प्रकारात 'समोरच्याने माझ्याच नावाने स्वागत केले' अशा अर्थाची तक्रारही लॉगमध्ये येते. नक्कल केलेल्या यंत्राला नाव देणे हे पहिले काम, नेटवर्कला जोडण्याच्याही आधीचे.

'४५०' हा तात्पुरता नकार आहे म्हणून तो दुर्लक्षित राहतो, आणि खरे नुकसान तिथेच होते. पोस्टफिक्स असा मेल पाच दिवस रांगेत ठेवून प्रयत्न करत राहतो आणि शेवटी परत पाठवतो. तो बाउन्स मेलमनकडे जातो आणि त्या सभासदाच्या नावावर गुण चढतो. मेलमन २ मध्ये दिवसाला जास्तीत जास्त एक, आणि आयती मर्यादा पाच गुणांची. ती गाठली की सभासदाला मेल जाणे बंद होते, काही सूचना पाठवून त्याचे नाव यादीतूनही काढले जाते, आणि या सूचनाही त्याच सदोष सर्व्हरवरून जाणार म्हणजे त्याला मिळणारच नाहीत. चूक सर्व्हरच्या नावात आणि शिक्षा सभासदाला. म्हणून नाव दुरुस्त केल्यावर काम संपत नाही. सभासदांच्या यादीत बाउन्समुळे बंद झालेले सगळे पत्ते शोधून पुन्हा सुरू करावेत, जे काढले गेले त्यांना परत जोडावे आणि त्यांना तसे कळवावे.

सर्व्हर बदलायचा असेल तर आदल्या दिवशीच डीएनएस नोंदींची मुदत ३०० सेकंदांवर आणावी. नव्या पत्त्याची पीटीआर लिस्ट हलवण्याच्या आधी करून घ्यावी, नंतर नाही. जुना सर्व्हर निदान पाच दिवस मेल घेत राहू द्यावा, कारण इतरांच्या रांगेतले मेल तोवर तिकडे येऊ शकतात. नव्या यंत्राला जुन्याचेच नाव द्यायचे असेल तर त्या दिवसांपुरते जुन्याला दुसरे नाव द्यावे आणि त्या नावाच्याही दोन्ही दिशांच्या नोंदी कराव्यात.

ज्या संस्था हे काम बाहेरच्या कंत्राटदाराकडे देतात त्यांनी पैसे चुकते करण्याआधी तीन गोष्टी मागाव्यात : लिस्टवरून बाहेरच्या पेटीत आलेल्या एका मेलचे संपूर्ण हेडर, चौथ्या आणि सहाव्या आवृत्तीच्या दोन्ही पत्त्यांच्या उलट शोधाचे निकाल, आणि यंत्र एकदा रीस्टार्ट करून त्यानंतर पुन्हा घेतलेले तेच हेडर. तिसरी मागणी अवश्य करावी, कारण रीस्टार्टनंतर परत येणारे जुने नाव पहिल्या दोन तपासण्यांत दिसत नाही.

आपला विश्वासू,
मेल सर्व्हर सांभाळणारा एक वाचक